घाटावर घडलेले पाण्याखालचे अस्त्र

नाशिक जिल्ह्याची लष्कराशी जुनी सोयरीक आहे. काकुलहून हललेले तोफखान्याचे विद्यालय देवळालीत आले, आणि १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांच्या कारखान्याची सुरुवात झाली. तोफांचे धमाके आणि विमानांची घरघर जिल्ह्याच्या इतकी अंगवळणी पडली आहे की पाहुण्याने विचारल्याशिवाय त्यावर कुणी बोलत नाही. तिसऱ्या एका संस्थेबद्दल मात्र पाहुण्याने विचारले तरी फारसे सांगता येत नाही. तिचे नाव ‘ॲडव्हान्स्ड सेंटर फॉर एनर्जेटिक मटेरियल्स’. डीआरडीओच्या या संस्थेत क्षेपणास्त्रांच्या मोठमोठ्या मोटरींमध्ये घन इंधन ओतले जाते. तिथून काही उडत नाही, त्यामुळे बातमीही होत नाही.

पाणबुडीतून सुटणाऱ्या क्षेपणास्त्राची गोष्ट सांगताना समुद्र सोडून नाशिकचे नाव आधी घेण्याला कारण आहे. पाणबुडी पहिल्या महायुद्धाआधीपासून होती. लांब पल्ल्याचा अग्निबाण १९४४ मध्ये आला आणि अणुबॉम्ब त्याच्या पुढच्या वर्षी. तरीही या तिन्हींची मोट बांधायला आणखी पंधरा वर्षे गेली. मुख्य घोडे अडले ते इंधनापाशी. महासत्तांचा हा पेच ज्या रस्त्याने सुटला, त्याच रस्त्याने भारतालाही जावे लागले, आणि त्या रस्त्याचा बराच भाग सह्याद्रीच्या अलीकडून, घाटावरून जातो.

दोन भाऊ आणि एक डबा

पहिला प्रयोग जर्मनीतला. पीनमुंडच्या अग्निबाण केंद्रात अर्न्स्ट स्टाइनहॉफ नावाचे शास्त्रज्ञ होते आणि त्यांचे बंधू फ्रीड्रिश हे यू-५११ या पाणबुडीचे कप्तान होते. १९४२ च्या उन्हाळ्यात या भावांनी पाणबुडीच्या पाठीवर लहान अग्निबाणांची चौकट बसवली आणि सुमारे बारा मीटर खोलीवरून ते सोडून दाखवले. बाण पाण्यातून नीट वर आले. पण ते लष्कराचे साधे, कमी पल्ल्याचे बाण होते आणि त्यांच्यामुळे पाणबुडीचा वेग मंदावत होता, म्हणून नौदलाने विषय बंद केला.

युद्ध हरायला आले तेव्हा दुसरी कल्पना निघाली. व्ही-२ हा मोठा अग्निबाण एका जलाभेद्य डब्यात घालायचा, तो डबा पाणबुडीने अटलांटिकपार ओढत न्यायचा, अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ त्यात पाणी भरून तो उभा करायचा आणि न्यूयॉर्कवर बाण सोडायचा. डब्यांचे काम सुरूही झाले, पण वापर होण्याआधी युद्ध संपले. या योजनेतली खरी मेख डब्याच्या आत होती. व्ही-२ मध्ये अल्कोहोल आणि द्रव ऑक्सिजन भरावा लागे. द्रव ऑक्सिजन सतत उडून जातो, म्हणजे इंधन ऐन वेळी, भर समुद्रात, हेलकावणाऱ्या डब्यात भरणे आले. शत्रूच्या दारात जाऊन हा उद्योग करणार कोण?

रशियन वाट, अमेरिकन वाट

युद्धानंतर सोव्हिएत संघाने द्रव इंधनाचीच वाट धरली, मात्र द्रव ऑक्सिजनऐवजी साठवता येणारे नायट्रिक आम्ल घेतले. १६ सप्टेंबर १९५५ रोजी श्वेत समुद्रात बी-६७ या पाणबुडीवरून आर-११एफएम हे क्षेपणास्त्र उडाले. दोन वर्षांनी स्पुटनिक अवकाशात धाडणारे सेर्गेई कोरोल्योव्ह त्या वेळी स्वतः पाणबुडीत हजर होते. पाणबुडीतून डागलेले हे जगातले पहिले बॅलिस्टिक क्षेपणास्त्र. पल्ला जेमतेम दीडशे किलोमीटर. शिवाय ते सोडण्यासाठी पाणबुडीला पाण्यावर यावे लागे, म्हणजे तिचे लपणे, जी तिची सगळी ताकद, नेमके हल्ल्याच्या क्षणी सोडून द्यावे लागे. पुढे व्हिक्टर माकेयेव्ह यांच्या संस्थेने पाण्याखालून उडणारी द्रव इंधनाची क्षेपणास्त्रे करून दाखवली आणि त्यांच्यावरच अनेक दशके सोव्हिएत नौदल चालले. पण पोलादी नळीत शेजारी शेजारी साठवलेली ही विषारी, दाहक रसायने म्हणजे खलाशांच्या उशाशी बांधलेला विस्तवच होता. ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्म्युडाजवळ के-२१९ पाणबुडीच्या एका नळीत समुद्राचे पाणी शिरले, इंधनाशी त्याची प्रक्रिया झाली आणि स्फोट झाला. सेर्गेई प्रेमिनिन या कोवळ्या खलाशाने अणुभट्टी हाताने बंद केली, पण त्या तापलेल्या कक्षातून तो बाहेर येऊ शकला नाही. तीन दिवसांनी पाणबुडी तळाला गेली.

अमेरिकन नौदलाला हा धोका पहिल्यापासून नको होता. १९५५ मध्ये रिअर ॲडमिरल विल्यम रेबर्न यांच्या हाताखाली एक खास कार्यालय उघडले गेले. सुरुवातीला लष्कराचे ‘ज्युपिटर’ हे द्रव इंधनाचे क्षेपणास्त्र जहाजावर चढवायचे ठरले होते, ते नौदलाने नाकारले. घन इंधनाची आवृत्ती आखली तर वजन सत्तर टनांच्या पुढे गेले आणि एका पाणबुडीत चारच बसतील असा हिशेब निघाला. कोंडी दोन बाजूंनी फुटली. १९५६ च्या उन्हाळ्यात एडवर्ड टेलर यांनी सांगितले की काही वर्षांत अणुबॉम्ब बराच हलका होईल. तेव्हा आजच्या बॉम्बसाठी क्षेपणास्त्र आखू नका, उद्याच्या बॉम्बसाठी आखा. आणि व्हर्जिनियातल्या एका छोट्या कंपनीत कीथ रंबेल आणि चार्ल्स हेंडरसन या दोन अभियंत्यांनी घन इंधनात ॲल्युमिनियमची भुकटी मिसळून पाहिली. थोडेसे ॲल्युमिनियम उपयोगी पडते हे माहीत होते, त्यापुढे फायदा नाही असे गणित सांगत होते. या दोघांनी गणिताकडे काणाडोळा करून प्रमाण खूप वाढवले, आणि इंधनाचा जोर एकदम चढला.

त्यातून ‘पोलारिस’ जन्मले. वजन सुमारे तेरा टन, उंची नऊ मीटरच्या आत, पल्ला सुमारे २,२०० किलोमीटर. बांधणीत असलेली एक हल्ला-पाणबुडी मधोमध कापून तिच्यात सोळा नळ्यांचा नवा भाग जोडला गेला आणि ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ तयार झाली. २० जुलै १९६० रोजी फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून दूर तिने पाण्याखालून पोलारिस डागले. दाबलेल्या हवेने क्षेपणास्त्र नळीतून वर ढकलले, ते पाण्याबाहेर आले आणि मग त्याची मोटर पेटली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती सोळाही क्षेपणास्त्रे घेऊन गस्तीवर निघाली. ब्रिटनने १९६२ च्या नासाऊ करारानुसार पोलारिस विकत घेतले. फ्रान्सने स्वतःचे बनवले, १९८२ मध्ये चीननेही पाण्याखालून आपले क्षेपणास्त्र उडवले. भारताला मात्र हे कुणी विकणार नव्हते.

खुकरी, एंटरप्राइज आणि मग

पाणबुडी काय करू शकते हे भारतीय नौदलाने ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री सोसले. दीवजवळ पाकिस्तानच्या हँगोर पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आणि जवळजवळ दोनशे अधिकारी-खलाशी जहाजाबरोबर गेले. त्याच आठवड्यात अमेरिकेने ‘एंटरप्राइज’ ही अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली. युद्ध जिंकले, पण मोठ्या नौदलाने डोळे वटारले तर आपल्या हातात काय आहे, हा प्रश्न दिल्लीत राहिलाच.

अणुपाणबुडीचा विचार तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात सुरू होता. सुरुवातीच्या आराखड्यांनी नौदलाचे समाधान झाले नाही. वीज बनवणारी भट्टी किनाऱ्यावर हवी तेवढी जागा घेते. पाणबुडीतल्या भट्टीला थोड्या मीटरांच्या व्यासात, डोलत्या तळावर, घटकेत मंद आणि घटकेत पूर्ण वेगाने चालायचे असते. १९८० च्या दशकात हा प्रकल्प ‘ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी व्हेसल’ या गुळमुळीत नावाखाली नव्याने बांधला गेला. जानेवारी १९८८ मध्ये, ॲडमिरल जयंत नाडकर्णी नौदलप्रमुख असताना, सोव्हिएत संघाकडून ‘चक्र’ ही अणुपाणबुडी भाड्याने आली आणि तीन वर्षांत आपल्या खलाशांचा तिच्यावर हात बसला. तिच्यावर बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे नव्हती. चालवायला शिकता आले, पण डागायचे काय याचे उत्तर घरीच शोधायचे होते.

थुंब्याचे गोवारीकर

ते उत्तर संरक्षण खात्याच्या आधी अवकाश खात्यात तयार होऊ लागले होते. वसंत गोवारीकर मूळचे पुण्याचे. बर्मिंगहॅमला रसायन अभियांत्रिकीत संशोधन करून आणि इंग्लंडमध्ये नोकरी करून ते १९६७ मध्ये विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून थुंब्याच्या अवकाश केंद्रात आले. हे केंद्र तेव्हा एका चर्चमध्ये आणि आसपासच्या झोपड्यांत चालत होते. गोवारीकरांनी आपल्या आयुष्यातले महत्त्वाचे काम घन इंधनावर केले: रसायने देशात बनवायची, मिश्रण देशात करायचे, मोटर देशात ओतायची. बाहेरून आणले तर आज मिळेल, उद्या बंद होईल, हे त्यांच्या पिढीला पक्के ठाऊक होते.

१८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ या प्रक्षेपण वाहनाने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला तेव्हा गोवारीकर विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते आणि प्रकल्पाची सूत्रे अब्दुल कलाम यांच्याकडे होती. त्या वाहनाचे चारही टप्पे घन इंधनाचे होते. कलाम पुढे हैदराबादला डीआरडीओत गेले, आणि २२ मे १९८९ रोजी चांदीपूरहून पहिले ‘अग्नी’ उडाले तेव्हा त्याचा पहिला टप्पा एसएलव्ही-३ च्याच पहिल्या टप्प्यावर बेतलेला होता. वरचा टप्पा अजून द्रव इंधनाचा होता. दोन्ही टप्पे घन इंधनाचे असलेले अग्नी-२ एप्रिल १९९९ मध्ये उडाले. मध्ये दहा वर्षे गेली. तोवर बाहेरचे दरवाजे एकेक करून बंद झाले होते. १९८७ मध्ये सात श्रीमंत देशांनी क्षेपणास्त्र तंत्रज्ञानावर निर्बंधांची चौकट घातली आणि १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर डीआरडीओच्या प्रयोगशाळांची नावे अमेरिकेच्या काळ्या यादीत गेली.

संरक्षण खात्यातले हे काम पुण्यात होत होते. पाषाणजवळच्या सुतारवाडीत ‘हाय एनर्जी मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी’ आहे, तिचे मूळ १९०८ साली नैनितालमध्ये सुरू झालेल्या एका छोट्या रसायन-परीक्षण प्रयोगशाळेत. तोफेच्या दारूची तपासणी करणाऱ्या या संस्थेने पुण्यात आल्यावर बाणांच्या इंधनाची विद्या कमावली. पण प्रयोगशाळेत किलोंनी केलेले मिश्रण आणि एका वेळी टनांनी ओतायची मोटर यांत फार अंतर असते. मोठ्या मोटरीला मोकळे रान लागते, वस्तीपासून लांब जागा लागते आणि चुकीला क्षमा नसते. नाशिकची संस्था उभी राहिली ती या मोठ्या कामासाठी.

मोटर ओतताना

घन इंधनाची मोटर म्हणजे मुळात एक नळकांडे. पोलादाचे किंवा धाग्यांनी विणलेल्या संमिश्र पदार्थाचे. त्याच्या आतल्या बाजूला उष्णतारोधक अस्तर असते. इंधनात तीन मुख्य गोष्टी: पांढऱ्या मिठासारखे दिसणारे अमोनियम परक्लोरेट, जे जळायला ऑक्सिजन पुरवते, ॲल्युमिनियमची राखाडी भुकटी, आणि या दोघांना धरून ठेवणारे दाट, चिकट द्रव रबर. परक्लोरेट हवेतला ओलावा पटकन शोषते, त्यामुळे आषाढात बाहेर पावसाची झड लागलेली असली तरी आत हवा कोरडीच लागते. ते दळण्यातही कसब आहे. कण किती बारीक यावर इंधन किती वेगाने जळेल हे ठरते, म्हणून जाड आणि बारीक कण ठरलेल्या प्रमाणात मिसळतात.

मिश्रण उभ्या भांड्यात, एकमेकांभोवती फिरणाऱ्या पात्यांनी होते. या वेळी इमारतीत माणूस ठेवत नाहीत. सगळे दुरून, पडद्यावर पाहून चालते. अशा इमारती एकमेकींपासून लांब बांधतात आणि मध्ये मातीचे उंच बांध घालतात, म्हणजे एकीत अनर्थ झाला तरी दुसरी वाचावी. कामगारांच्या अंगावर सुती कपडे असतात आणि पायांत विजेचा अंशही अंगात न साठू देणारे बूट. कारण नायलॉनच्या सदऱ्यातून उडणारी एक ठिणगीही पुरते. दाट झालेले मिश्रण मग हवा काढलेल्या खोलीत नळकांड्यात उतरवतात. हवेचा बुडबुडा आत राहता कामा नये. मध्ये एक उभा गाभा आधीच रोवलेला असतो. पुढे कित्येक दिवस मंद उष्णतेवर ठेवल्यावर मिश्रण खोडरबरासारखे घट्ट आणि लवचीक होते, आणि मग तो गाभा हळूहळू ओढून काढतात. कामाचा सगळ्यांत ताणाचा भाग हाच. गाभ्याच्या जागी पोकळी उरते, ती बहुधा चांदणीच्या आकाराची.

या पोकळीत सगळे गणित भरलेले आहे. इंधन पोकळीच्या भिंतीपासून बाहेरच्या दिशेने जळत जाते, त्यामुळे पोकळीचा आकार ठरवतो की कोणत्या सेकंदाला किती जोर मिळेल. द्रव इंधनाला तोटी असते, कमीजास्त करता येते. इथे एकदा पेटले की संपेपर्यंत थांबत नाही. आत केसाएवढी भेग राहिली किंवा इंधन अस्तरापासून जरा सुटले, तर जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, दाब चढतो आणि नळकांडे फुटते. म्हणून प्रत्येक मोटरीचे क्ष-किरणांनी आणि अल्ट्रासाउंडने आतून चित्र घेतात, आणि काही मोटरी जमिनीवर जखडून मुद्दाम जाळून पाहतात.

पाणबुडीसाठी ही कसोटी आणखी कडक होते. उपग्रहाचे रॉकेट मोटर ओतल्यावर लवकर उडते. पाणबुडीतले क्षेपणास्त्र वर्षानुवर्षे नळीत उभे राहते, यंत्रांची थरथर सोसते, आणि हुकूम आल्यावर मात्र पहिल्याच फटक्यात पेटायला हवे. शिवाय पाणबुडीच्या पोटाला मर्यादा असते. लांबी वाढवता येत नाही, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त ताकद कोंबावी लागते. घन इंधन घट्ट असल्यामुळे इथे त्याची बाजू वरचढ ठरते. कोणत्या क्षेपणास्त्राची कोणती मोटर देशात कुठे ओतली, याची यादी प्रसिद्ध होत नाही आणि व्हायचे कारणही नाही. या कौशल्याशिवाय पाणबुडीची नळी रिकामीच राहते, एवढे मात्र सांगता येते.

रावळगावचा ऊस आणि विशाखापट्टणमची गोदी

याच गोष्टीत नाशिक जिल्ह्याचे आणखी एक गाव अगदी अनपेक्षित वाटेने येते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९२० च्या दशकात मालेगाव तालुक्यात रावळगावला माळरान घेतले आणि तिथे ऊस लावला. १९३० च्या दशकात साखर कारखाना आला, पुढे रावळगावच्या गोळ्या-चॉकलेटांनी महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांचे खिसे भरले. इंदापूर तालुक्यात त्यांनीच वालचंदनगर वसवले. परदेशातून यंत्रे आणायची आणि मोडली की बोटीची वाट पाहायची, यापेक्षा साखर कारखान्याची यंत्रे स्वतःच घडवावीत, या खटपटीतून तिथे अवजड यंत्रांचा कारखाना वाढला.

वालचंदांची भूक तेवढ्याने भागणारी नव्हती. १९४० मध्ये त्यांनी बंगळुरूला म्हैसूर सरकारच्या साथीने विमान कारखाना काढला. त्याचेच पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाले आणि ओझरचा कारखाना त्याच घराण्यातला. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला त्यांच्या सिंदिया कंपनीच्या जहाजबांधणी गोदीची पायाभरणी डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली. मार्च १९४८ मध्ये त्या गोदीतून ‘जलउषा’ हे जहाज पाण्यात उतरले. वालचंद १९५३ मध्ये गेले. ती गोदी सरकारने घेतली, आणि त्याच बंदरात पुढे भारताची अणुपाणबुडी बांधली गेली.

तिच्यासाठीचा मुख्य गिअरबॉक्स वालचंदनगरहून गेला. वाफेचे टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेते, पण पाणबुडीचा पंखा सावकाश फिरायला हवा. जोरात फिरला तर पाण्यात बुडबुडे होतात आणि त्या आवाजाने शत्रूला पत्ता लागतो. मधला वेग उतरवण्याचे काम गिअरबॉक्सचे. दात एकमेकांत बसताना किंचितही खडखड झाली तर ती शेकडो टन पोलादातून समुद्रात जाते. उसाच्या चरकांसाठी आणि सिमेंटच्या चक्क्यांसाठी मोठी दंतचक्रे घडवत आलेल्या हातांनी हे केले. हेच वालचंदनगर १९७० च्या दशकापासून इस्रोच्या रॉकेट मोटरींची नळकांडीही घडवत आले आहे. म्हणजे घाटावर एका ठिकाणी नळकांडी घडतात, तर दुसऱ्या ठिकाणी नळकांड्यांत इंधन ओतले जाते.

भट्टी, होडी, नळी

भट्टीचे काम भाभा केंद्राने पुरे केले. कल्पाक्कमला किनाऱ्यावर पाणबुडीच्या भट्टीची तंतोतंत प्रतिकृती उभी राहिली आणि सप्टेंबर २००६ मध्ये ती पूर्ण क्षमतेने चालली. ऑगस्ट २००९ मध्ये ती पत्रकारांना दाखवली तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर होते. गोव्याच्या आणि देशाच्या स्वातंत्र्यलढ्यात उतरलेल्या घरातले काकोडकर मुंबईच्या व्हीजेटीआयमधून अभियंता होऊन १९६४ पासून भाभा केंद्रात होते, आणि या भट्टीच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा आहे. रशियन तज्ज्ञांच्या सल्ल्याचा उल्लेखही त्यांनी आडपडदा न ठेवता केला.

त्याच्या आठवडाभर आधी, २६ जुलै २००९ रोजी, कारगिल विजयदिनी विशाखापट्टणमला तत्कालीन पंतप्रधानांच्या पत्नी गुरशरण कौर यांनी नारळ फोडला आणि ‘अरिहंत’ पाण्यात आली. सुमारे सहा हजार टनांची, शंभर मीटरहून लांब. भट्टी पेटायला ऑगस्ट २०१३ उजाडला, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये ती कसलाही गाजावाजा न करता नौदलात दाखल झाली.

पाणबुडी तयार होईपर्यंत क्षेपणास्त्र थांबून राहिले नव्हते. हैदराबादच्या प्रयोगशाळेने आखलेल्या के-१५ च्या चाचण्यांसाठी पाण्यात बुडवता येणारा एक तराफा केला होता. त्याच्यात पाणबुडीसारखीच नळी बसवली होती. २६ फेब्रुवारी २००८ रोजी विशाखापट्टणमजवळ या तराफ्यावरून क्षेपणास्त्र उडाल्याचे जगासमोर आले. नळीच्या तळाशी वायू तयार होतो, तो क्षेपणास्त्राला वर ढकलतो, आणि मोठी मोटर पाण्याबाहेर पेटते. नळीतच पेटवली तर पाणबुडीच जळेल. क्षेपणास्त्र बाहेर पडताच नळीत टनावारी पाणी शिरते आणि पाणबुडीचा तोल त्याच क्षणी सावरावा लागतो. तराफ्याला यातले काही शिकता येत नाही; ते पाणबुडीलाच शिकावे लागले.

के-१५ चा पल्ला सुमारे ७५० किलोमीटर. बंगालच्या उपसागरातून एवढ्या पल्ल्यात फारसे काही येत नाही. म्हणून दोन टप्प्यांचे के-४ आले: सुमारे बारा मीटर उंच, सतरा टनांचे, पल्ला साडेतीन हजार किलोमीटरच्या घरात. अरिहंतच्या चार नळ्यांत प्रत्येकी तीन के-१५ किंवा एक के-४ बसते. मार्च २०१४ मध्ये के-४ तराफ्यावरून उडाले. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी अरिहंतने बंगालच्या उपसागरात क्षेपणास्त्र डागल्याचे संरक्षण मंत्रालयाने स्वतः जाहीर केले. २९ ऑगस्ट २०२४ रोजी दुसरी पाणबुडी ‘अरिघात’ नौदलात आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तिच्यावरून के-४ ची चाचणी झाली.

पहिला वार न करण्याचे धोरण

भारताने १९९९ च्या मसुद्यात आणि मग जानेवारी २००३ मध्ये औपचारिकरीत्या सांगितले की अण्वस्त्राचा पहिला वापर आम्ही करणार नाही. ज्याने पहिला वार करायचा नाही असे ठरवले, त्याला पहिला वार सोसूनही हातात काही उरेल याची खात्री लागते. विमानतळ दिसतात, जमिनीवरचे तळ उपग्रह शोधतात. समुद्रात लपलेली पाणबुडी तेवढी सहज सापडत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये अरिहंत पहिल्या गस्तीवरून परतल्याचे पंतप्रधानांनी जाहीर केले, त्याचा अर्थ हा होता. या शस्त्राचे यश त्याने कधीही न उडण्यात आहे. आणि न उडताही ते उडू शकेल अशी खात्री समोरच्याला वाटली पाहिजे. ही खात्री शेवटी पोकळीच्या आकारात, कणांच्या जाडीत आणि गिअरच्या दातांत असते.

या इतिहासात घाईने झालेले काहीही नाही. गोवारीकर थुंब्याला गेल्यापासून अरिघातवरून के-४ उडेपर्यंत सत्तावन्न वर्षे झाली. अमेरिकेने पाच वर्षांत पोलारिस केले ते अफाट पैशाच्या आणि शीतयुद्धाच्या रेट्यावर. आपल्याकडे तेच ज्ञान साखरेच्या यंत्रांतून, उपग्रहाच्या वाहनांतून आणि तोफेच्या दारूच्या प्रयोगशाळेतून थेंबाथेंबाने जमले, म्हणून उशीर झाला. आणि म्हणूनच निर्बंध आले तेव्हा ते कुणाला काढून घेता आले नाही.

काम संपलेले नाही. साडेतीन हजार किलोमीटरच्या पल्ल्याने बीजिंग गाठायचे तर पाणबुडीला उपसागराच्या उत्तर टोकाकडे सरकावे लागते, आणि लपण्यासाठी मोकळा, खोल समुद्र तर दक्षिणेला आहे. पुढच्या पाणबुड्यांत नळ्या वाढवल्या जात आहेत, पण नळ्या वाढवून पल्ला वाढत नाही. त्यासाठी तेवढ्याच उंचीत अधिक जोराचे इंधन, अधिक हलके नळकांडे आणि अधिक मोठी ओतीव मोटर लागते. पाणबुडी विशाखापट्टणमला बांधली जाईल, तिचा झेंडा नौदलाचा असेल. पण ती किती दूरवर वचक ठेवू शकेल, हे घाटावरच्या बंद शेडमध्ये ठरेल.